मिकी उंदराचा वाढदिवस



गेले चार दिवस या मांडवात आपण पाणीवाटप, संतवाङ्मय, सहकार आणि ग्रहणे अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची व्याख्याने ऐकलीत. आज पाचव्या दिवशी मी आपल्यापुढे एक उंदीर घेऊन उभा आहे. विषय कळवला तेव्हा चिटणीसांचा फोन आला. 'मास्तर, उंदराचा वाढदिवस असं आलंय. लिहिताना काही चूक झाली का?' मी म्हटले, 'चूक नाही. उंदीरच आहे, आणि वाढदिवसही त्याचाच आहे.' ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'बरं, पण तास भरेल ना?'

तास भरेल की नाही हे मला ठाऊक नाही. मी वक्ता नव्हे, ड्रॉइंग मास्तर आहे. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय असल्यामुळे माझा चेहरा आपल्याला फारसा दिसला नाही, तर तो दोष धंद्याचा समजावा.

गोष्ट गेल्या नोव्हेंबरातली. पाचवीच्या तीन-चार मुली मधल्या सुट्टीत माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, 'सर, अठरा तारखेला मिकी माऊसचा वाढदिवस असतो. त्या दिवशी सगळीकडची माणसं त्याची चित्रं काढतात आणि एकमेकांना दाखवतात. आपण पण काढू या.' मी नाक मुरडले. खोटे कशाला बोलू? ज्या मास्तरने इतकी वर्षे 'निसर्गात पाहा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा' असा घोष केला, त्याच्याच वर्गात परदेशातल्या एका छापील उंदराची नक्कल साजरी करायची! मुलींना मी 'बघू' म्हणून वाटेला लावले.

पण घरी जाताना मनात आले की जनावराच्या नावाने एक दिवस राखावा आणि त्या दिवशी त्याचे रूप हाताने घडवावे, हा प्रकार आपल्याला काही परका नाही. पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो आणि घरातली पोरे मातीचे बैल करतात. नागपंचमीला पाटावर चंदनाने नाग काढतो. आजीने काढलेला नाग पुष्कळदा गांडुळासारखा दिसे, म्हणून कोणी त्याला दूध-लाह्या दाखवायचे सोडले नाही. फरक एवढाच की बैल गोठ्यात असतो, नाग शेतात असतो, आणि हा उंदीर कुठेच नसतो. ज्याला घर नाही, गोठा नाही, देह नाही, त्याचा वाढदिवस करायचा तर चित्र काढण्यावाचून दुसरा मार्ग तरी कोणता? तेव्हा मी दुसऱ्या दिवशी होकार दिला. अठरा तारखेला फळ्यावर मोठा मिकी निघाला, एका मुलीच्या आईने शिरा करून पाठवला आणि तास सुरू झाला.

सुरू झाल्याबरोबर दोन प्रश्न आले. एका मुलाने विचारले, 'सर, हा जन्मला ते कुणी लिहून ठेवलं?' आणि मागच्या बाकावरच्या एका शांत मुलीने विचारले, 'सर, हा दुसऱ्याचा आहे ना? मग न विचारता काढला तर चालतो का?' मला दोहोंचे उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही. त्यानंतर पाच महिने मी जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

जन्मतारखेचे आधी सांगतो, कारण त्यात मौज आहे. आपल्यापैकी किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? हात वर करू नका, मला शाळेची दप्तरे माहीत आहेत. आई म्हणे, 'भात लावणीच्या वेळी झाला,' आणि हेडमास्तर म्हणत, 'लिहा १ जून.' या उंदराचेही नेमके असेच झाले.

वॉल्ट डिस्ने हा १९०१ साली शिकागोत जन्मलेला गृहस्थ. १९२७ मध्ये त्याच्या चित्रशाळेने ऑस्वाल्ड नावाचा एक ससा केला आणि तो लोकांना फार आवडला. १९२८ च्या आरंभी वॉल्ट न्यूयॉर्कला गेला, हेतू हा की वितरक चार्ल्स मिंट्झकडून चित्रपटामागे थोडे अधिक पैसे मिळावेत. मिंट्झने उलट कमी पैसे देऊ केले. आणि तिथे वॉल्टला कळले की करारात ससा त्याच्या नावावर नाहीच, तो युनिव्हर्सल कंपनीच्या नावावर आहे. शिवाय त्याच्या चित्रशाळेतले बहुतेक चित्रकार मिंट्झने आधीच आपल्याकडे वळवून घेतले होते. ससा गेला, माणसे गेली. परतीच्या आगगाडीत आपल्याला उंदीर सुचला, त्याचे नाव मॉर्टिमर ठेवणार होतो, पण पत्नीला ते आवडेना म्हणून मिकी ठेवले, ही कथा वॉल्ट पुढे आयुष्यभर रंगवून सांगत असे.

उंदीर कागदावर उतरवला मात्र दुसऱ्याने. वॉल्टला सोडून न गेलेल्या थोड्यांपैकी अब आयवर्क्स हा एक. अत्यंत मितभाषी आणि हाताचा असा वेगवान की दिवसाला सातशेपर्यंत चित्रे काढी, असे त्याच्याविषयी सांगतात. पहिला मिकीपट त्याने जवळजवळ एकट्याने चितारला. १५ मे १९२८ रोजी तो काही प्रेक्षकांना दाखवला गेला. वितरक मिळाला नाही. दुसऱ्याचीही तीच गत. तिसऱ्याला चित्राबरहुकूम ध्वनीची जोड दिली. तोच 'स्टीमबोट विली'. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी तो न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात झळकला. उंदीर जहाजाच्या सुकाणूपाशी उभा राहून शीळ घालतो आणि ती शीळ ऐकू येते, याचे त्या लोकांना किती अप्रूप वाटले असेल! आमच्या वर्गात मी तो दाखवला. मुलांना शिळेचे काही वाटले नाही. पण गाईच्या दातांवर तो जलतरंगासारखे वाजवतो त्याला पोरे हसून हसून लोळली.

आता जन्म केव्हाचा धरायचा? पहिली रेघ वसंतातली. पहिले दर्शन मे महिन्यातले. १९३३ मध्ये वॉल्टने १ ऑक्टोबर ही तारीख सांगितली. त्या दशकात चित्रगृहांच्या सोयीप्रमाणे हा सोहळा सप्टेंबरअखेरही होई. पुढे कंपनीने जुनी कागदपत्रे सांभाळायला डेव्ह स्मिथ नावाचा अधिकारी नेमला, आणि १९७८ साली पन्नाशीचा उत्सव आला तेव्हा 'स्टीमबोट विली'ची तारीख पक्की झाली. म्हणजे पन्नास वर्षांचा होईतो या गृहस्थाच्या जन्माची नोंदच धड नव्हती! पण जी तारीख ठरली ती पाहा. कागदावर पहिली रेघ उमटली तो दिवस त्यांनी घेतला नाही, करारावर सही झाली तोही घेतला नाही. तिकीट काढून बसलेल्या लोकांनी त्याला पाहिले आणि ते हसले, तो दिवस घेतला. हे मला फार समंजसपणाचे वाटते. चित्र जन्मते ते पाहणाऱ्यापुढे.

इथे मला दोन मिनिटे मास्तरकी करू द्या. मिकीचा चेहरा म्हणजे तीन वर्तुळे. एक मोठे, दोन लहान. आयवर्क्सने ती योजना वेगासाठी केली होती, कारण वर्तुळ कोणत्याही बाजूने काढले तरी वर्तुळच राहते, आणि हजारो चित्रे काढायची असतील तर हात तिथे अडत नाही. पण त्यातली खुबी कानांची. खऱ्या प्राण्याने मान वळवली की कान बाजूने अरुंद दिसतात. मिकीचे कान तो कुठेही पाहो, गोलच राहतात. चित्रकलेच्या शास्त्राप्रमाणे ही सपशेल चूक. मी असा कान काढणाऱ्याचे गुण कापले असते! पण त्या चुकीमुळेच जगातले कोणतेही पोर त्याला सावलीवरून ओळखते. आणि काढूही शकते. दिवाळीत आपल्या गल्लीत हिंडून पाहा. मोरपिसे, कमळे, गोपद्मे यांच्या शेजारी एखाद्या दारात मिकी असतोच. आईची बांगडी ठेवून तोंड, औषधाच्या बाटलीची टोपणे ठेवून कान, की झाला. ज्याची आकृती बांगडीने निघते त्याला लोकांच्या अंगणात जाण्यापासून कोण अडवणार?

अमेरिकेत हे लोण फार लवकर पसरले. १९३० पासून चित्रगृहांतून मिकीच्या नावाचे बालसंघ निघाले. शनिवारी सकाळी मुलांनी जमायचे, गाणी म्हणायची, चित्रपट पाहायचा. १९३२ पर्यंत त्यांचे सभासद दहा लाखांच्या घरात गेले, आणि त्याच साली मिकीच्या निर्मितीबद्दल वॉल्टला ऑस्करचे खास मानचिन्ह मिळाले. आयवर्क्स तेव्हा तिथे नव्हता. मनासारखे श्रेय मिळेना म्हणून १९३० मध्येच तो बाहेर पडला होता. दहा वर्षांनी परत आला आणि पुढे तंत्रविभागात मोठे काम केले, पण मिकीच्या वाढदिवसाला त्याचे नाव घेणारे आजही थोडेच. आपण तेवढे घेऊ या.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न. न विचारता काढला तर चालतो का?

आपल्या गावातल्या बालवाडीची भिंत आठवा. अंगणवाड्यांच्या, बालवाड्यांच्या किती भिंतींवर हा उंदीर उभा आहे याची गणती नाही. गावचा पेंटर, जो निवडणुकीत घोषणा लिहितो आणि एरवी दुकानांच्या पाट्या, तोच हे काम करतो. कधी नाक लांबते, कधी विजार लाल रंग संपल्यामुळे जांभळी होते. पण पोरे त्याच्याकडे पाहून रडे थांबवतात. १९८९ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हॅलंडेल नावाच्या गावी अशाच तीन बालवाड्यांच्या भिंतींवर मिकी, मिनी, डोनाल्ड ही मंडळी रंगवलेली होती. डिस्ने कंपनीने कळवले की ही चित्रे पुसा, नाहीतर कोर्टात या. गावाने आरडाओरडा केला, वर्तमानपत्रांनी झोडपले, पण चित्रे पुसावी लागली. मग प्रतिस्पर्धी कंपन्या हसतमुखाने पुढे आल्या आणि त्या भिंतींवर आपला अस्वल, आपला कुत्रा अशी पात्रे फुकट रंगवून देऊन गेल्या. परोपकार आणि जाहिरात यांची इतकी सुरेख सांगड क्वचितच पडते.

ही हकीगत वाचून कोणालाही कंपनीचा राग येईल. मलाही आला. पण ससा विसरू नका. ज्याचे पहिले जनावर कागदाच्या एका ओळीने हिरावले गेले, त्याने दुसऱ्याला दावणीला घट्ट बांधले यात नवल नाही. पुढे तो धाकच घराचा रिवाज झाला. तो ससा कंपनीला परत मिळाला २००६ साली, आणि कसा? त्यांच्याकडच्या एका नामांकित क्रीडा-समालोचकाला दुसऱ्या कंपनीकडे जाऊ देण्याच्या मोबदल्यात ज्या गोष्टी मिळाल्या, त्यांत हा ससा होता. एका माणसाच्या बदल्यात एक काढलेला ससा! आपल्या बाजारात बैलाच्या बदल्यात बैल देतात, पण हा व्यवहार तिथेच शोभतो.

कायद्याचेही थोडे ऐका. १९२८ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे 'स्टीमबोट विली'वरचा हक्क फार तर छप्पन वर्षे, म्हणजे १९८४ पर्यंत टिकला असता. १९७६ मध्ये कायदा बदलला आणि मुदत २००३ पर्यंत गेली. १९९८ मध्ये पुन्हा बदलला आणि ती २०२३ च्या अखेरपर्यंत गेली. भाडेपट्टा संपत आला की वाढवून घ्यावा, तसे. टीकाकारांनी त्या कायद्याला उंदराचेच नाव दिले. आपण हसण्याचे कारण नाही. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क राहत असे. ती मुदत १९९१ अखेर संपायला आली, तेव्हा आपणही घाईघाईने कायदा बदलून पन्नासाची साठ केली. अमेरिकेने उंदरासाठी केले ते आपण गुरुदेवांसाठी केले. आपली निवड अधिक अभिरुचीची, एवढेच म्हणता येईल.

अखेर १ जानेवारी २०२४ रोजी 'स्टीमबोट विली'तला तो मूळचा काळा-पांढरा, हातमोजे नसलेला मिकी अमेरिकेत सर्वांसाठी मोकळा झाला. हातमोजे त्याला १९२९ साली चढले, म्हणून ते पुढच्या वर्षी मोकळे झाले. अलीकडची रूपे अजून कंपनीची आहेत आणि बोधचिन्ह म्हणूनही तिचा हक्क आहेच. मोकळा झाल्याच्या पहिल्याच दिवशी त्याच्या हातात सुरा देणाऱ्या एका भयपटाची झलक बाहेर पडली. पंचाण्णव वर्षे दावणीला बांधलेल्या जनावराला सोडल्यावर एखादा त्याला नेमका खाटकाच्या दारात नेतो, तसे मला वाटले. असो.

पण बंधूंनो, कायद्याने न विचारता काढणे आणि मनाने न विचारता काढणे या गोष्टी निरनिराळ्या असाव्यात, असे मला एका पुस्तिकेमुळे वाटू लागले. ती मूळ पुस्तिका पॅरिसमध्ये, ज्यूंच्या संहाराच्या स्मारकाच्या संग्रहात आहे. २०१४ मध्ये ती छापली गेली. तिच्याविषयी जरा सावकाश बोलतो.

होर्स्ट रोझेन्थाल हा १९१५ साली ब्रेस्लाव येथे जन्मलेला ज्यू तरुण. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा तो जर्मनी सोडून फ्रान्समध्ये गेला. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि परदेशी ज्यूंची धरपकड झाली. रोझेन्थाल गुर्स येथील छावणीत गेला. हे ठिकाण नैर्ऋत्य फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी. १९३९ मध्ये स्पेनमधल्या पराभूत लोकशाहीवाद्यांसाठी घाईने बांधलेल्या लाकडी बराकी. पावसात गुडघाभर चिखल, अन्न तुटपुंजे, आणि वर कागदपत्रांचा डोंगर. या छावणीत १९४२ साली त्याने शाई आणि जलरंगांनी एक लहानशी चित्रपुस्तिका केली. तिचा नायक मिकी माऊस. मुखपृष्ठावर त्याने खोडकरपणे नोंद केली होती की हे पुस्तक वॉल्ट डिस्नेच्या परवानगीवाचून निघत आहे.

कथा अशी. मिकी फ्रान्समध्ये भटकत असताना शिपाई त्याला अडवतो आणि कागद मागतो. मिकीकडे कागद कुठले? त्याला छावणीत धाडतात. तिथला कारकून कागदांच्या ढिगाऱ्यातून डोके वर काढून वडिलांचे नाव विचारतो. वॉल्ट डिस्ने, म्हणून तो सांगतो. ज्यू आहेस का, या प्रश्नावर तो ओशाळून म्हणतो की या बाबतीत आपल्याला काहीच माहिती नाही. राष्ट्रीयत्व विचारले तर आंतरराष्ट्रीय. पुढे तो छावणीत फिरतो, शिध्याचा तुकडा पाहतो, काळा बाजार करणारे पाहतो, आणि सगळ्याकडे अशा निरागस कुतूहलाने बघतो की वाचणाऱ्याचा घसा दाटून येतो. शेवटी त्याला वाटते की पर्वताकडची ही हवा आपल्याला मानवत नाही. तो तर नुसते चित्र! तेव्हा खोडरबर घेऊन तो स्वतःला पुसून टाकतो आणि अमेरिकेत, स्वातंत्र्याच्या देशात निघून जातो.

रोझेन्थालला खोडरबराने पुसून घेता आले नाही. १९४२ च्या सप्टेंबरात त्याला आउश्वित्झला पाठवण्यात आले आणि तिथे त्याला मारण्यात आले. तो सत्तावीस वर्षांचा होता.

मी हे वाचले आणि पुष्कळ दिवस दुसरे काही सुचले नाही. त्याने मिकीच का घेतला? स्वतःचा एखादा माणूस काढता आला असता. हात चांगला होता. मला वाटते, कारण मिकी त्या छावणीतल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. कुठल्याही देशातून धरून आणलेला कैदी असो, त्याने केव्हा ना केव्हा अंधाऱ्या चित्रगृहात बसून या उंदराला हसलेले होते. घरच्यासारखा पाहुणा चिखलात उभा केला की चिखल किती खोल आहे ते कळते. जर्मनीतल्या एका नाझी पत्राने १९३१ मध्येच मिकीला गलिच्छ, रोगट प्राणी म्हणून हिणवले होते. आणि ज्यूंना उंदीर म्हणणारे तेच. अशा काळात, अशा जागी, त्या माणसाने उंदराला आपल्या बाजूला घेतले. ही नक्कल म्हणायची का? परवानगी नव्हती हे तर त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

इतकी वर्षे मी पोरांच्या वह्यांवर 'नक्कल नको' असे तांबड्या शाईने लिहीत आलो. ते सर्वस्वी चुकले असे अजूनही म्हणवत नाही. पण उसनवारीतून काय निघते याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतही आहे. क्लेअर वीक्स नावाचा, डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेला कलावंत १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला आणि तिथल्या तरुणांना त्याने हलती चित्रे करण्याची विद्या शिकवली. शिकणाऱ्यांत राम मोहन होते, ज्यांना पुढे या कलेचे भारतातले जनक म्हटले गेले. १९५७ मध्ये त्या शाळेतून जे चित्र निघाले, त्यात उंदीर नव्हता, बदकही नव्हते. होते ते जातककथेतले हरिण. हात तिकडचा, हरिण इकडचे.

आमच्या पाचवीला जातककथा ठाऊक नव्हत्या. पण अठरा नोव्हेंबरच्या तासाला मी एक अट घातली होती. मिकी हवा तसा काढा, कान वाकडे झाले तरी चालतील, पण तो आपल्या गावात आलेला दाखवा. तो इथे येऊन काय करील ते काढा. ही अट मी तेव्हा केवळ नक्कल टाळण्यासाठी घातली. रोझेन्थालचे नावही मला त्या दिवशी माहीत नव्हते.

छत्तीस चित्रे झाली. बऱ्याच जणांनी मिकीला केक दिला, ते सोडून द्या. एकाने त्याला एसटीच्या टपावर बसवला. एकाने गणपतीपुढे उभा केला, शेजारी देवाचा उंदीर, आणि दोघे एकमेकांकडे संशयाने पाहताहेत. एका मुलीने त्याला ऊसतोडीच्या गाडीत काढले होते. ती मुलगी दिवाळीनंतर चार महिने वर्गात नसते, ते चित्र तिने जाण्याच्या आदल्या दिवशी पुरे केले. आणि त्या मागच्या बाकावरच्या शांत मुलीचा मिकी पाण्याच्या टँकरपुढे रांगेत उभा होता. हातात कळशी, पुढे बायका, मागे बायका, आणि त्याचे ते प्रसिद्ध पांढरे हातमोजे कमरेला खोचलेले. मी विचारले, 'अगं, मोजे का काढलेस त्याचे?' ती म्हणाली, 'सर, भिजले असते ना.'

तिच्या प्रश्नाला मी अजून सरळ उत्तर दिलेले नाही. तिला रोझेन्थालची गोष्ट सांगायला ती अजून लहान आहे. दोन-तीन वर्षांनी सांगेन. तोवर कोणी कंपनीचा माणूस तिच्या चित्राबद्दल विचारायला आलाच, तर त्याला माझ्याकडे पाठवावे.

चिटणीसांच्या परवानगीने ती छत्तीसही चित्रे मी बाहेरच्या व्हरांड्यात लावली आहेत. जाताना अवश्य पाहावीत. भिंत अपुरी पडली म्हणून शेवटची रांग फार खाली लागली आहे, तेव्हा जरा वाकावे लागेल. ऊसतोडीच्या गाडीचे चित्र त्याच रांगेत, डावीकडून तिसरे आहे.